ॲक्सेंटची अक्षरे ब्राउझरमध्ये बिघडतात तेव्हा: कचरा वाचा, दोष सापडेल

फ्रेंच पद्धतीने ‘कॅफे’ लिहिले की शेवटच्या ई वर एक तिरकी रेघ येते, अशा खुणेला ॲक्सेंट म्हणतात. वेबपानावर मात्र त्या एका अक्षराच्या जागी दोन भलतीच चिन्हे उभी असतात: वर लाट काढलेला मोठा ए, आणि त्याला चिकटून ©. शोधाशोध केली की पहिला सल्ला मिळतो, ‘मेटा टॅग टाका’, म्हणजे पानाची अक्षरपद्धत सांगणारी ओळ एचटीएमएलमध्ये घाला. तो टाकला की पान सुधारते. काही दिवसांनी दुसऱ्या पानावर तोच प्रकार. मग कोणी डेटाबेसचे सेटिंग बदलतो, कोणी कोडमध्ये एक रूपांतर घालतो, नवा मजकूर नीट दिसू लागतो आणि जुना, जो कालपर्यंत बरा होता, तो बिघडतो.

हा दोष परत परत येतो त्याला कारण आहे. मजकूर संपादकातून फाइलमध्ये जातो, तिथून डेटाबेसमध्ये, मग प्रोग्रॅम, सर्व्हर आणि शेवटी ब्राउझर. या प्रत्येक सांध्यावर ‘हे बाइट कोणत्या पद्धतीने वाचायचे’ याची समजूत दोन्ही बाजूंना सारखी असावी लागते. ती एका सांध्यावर चुकली की बिघाड दिसतो ब्राउझरमध्ये, म्हणून लोक दुरुस्तीही तिथेच करत बसतात. माझे मत असे की सेटिंगला हात लावण्याआधी कचरा नीट वाचावा. कोणता कचरा दिसतो यावरूनच सांधा बहुतेक वेळा कळतो.

थोडे गणित आधी लागेल. युनिकोड म्हणजे जगातल्या लिप्यांमधल्या अक्षरांना क्रमांक देणारी यादी. हे क्रमांक आणि बाइट सोळा अंकांच्या हेक्स पद्धतीत लिहितात: ० ते ९, मग ए ते एफ. रेघेच्या ई चा युनिकोड क्रमांक ००ई९. विंडोज-१२५२ या जुन्या पश्चिम युरोपीय पद्धतीत तो एकाच बाइटमध्ये मावतो: ई९. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड बाइटांत लिहिण्याच्या आजच्या नेहमीच्या पद्धतीत, त्याला दोन बाइट लागतात: सी३ ए९. आता हे दोन बाइट कोणी विंडोज-१२५२ समजून वाचले, तर सी३ म्हणजे लाटेचा मोठा ए आणि ए९ म्हणजे ©. आपला कचरा तो हाच. बाइट पूर्णपणे बरोबर आहेत, वाचणाऱ्याने चुकीचा तक्ता लावला आहे.

जाता जाता: लॅटिन-१, म्हणजे आयएसओ-८८५९-१, असे जाहीर केलेले पान आजचे ब्राउझर प्रत्यक्षात विंडोज-१२५२ म्हणूनच वाचतात. वेबच्या एन्कोडिंग मानकातच, म्हणजे अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतींच्या नियमांतच, तसे लिहिले आहे. त्यामुळे पुढे या दोन नावांत मी फारसा भेद करणार नाही, जिथे तो खरोखर बाधतो ती जागा सोडून.

कचऱ्याचे प्रकार

एका अक्षराच्या जागी दोन किंवा तीन चिन्हे, आणि त्यांत लाटेचा मोठा ए वारंवार: यूटीएफ-८ चे बाइट विंडोज-१२५२ म्हणून वाचले गेले. वळणदार अवतरणचिन्हांच्या जागी टोपीचा छोटा ए, € आणि ™ असा त्रिकूट दिसत असेल तर तेही हेच. उजव्या एकेरी अवतरणाचे बाइट ई२ ८० ९९ असतात. इंग्रजी मजकुरात ॲक्सेंट सहसा नसतात, म्हणून तिथे हा रोग आधी अवतरणचिन्हांवर आणि लांब डॅशवर दिसतो. देवनागरीत तर लपायला जागाच नाही. आपले प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तीन बाइटांची आणि सुरुवात ई० ए४ किंवा ई० ए५ ने. त्यामुळे सगळ्या पानभर उलट्या रेघेचा छोटा ए आणि ¤ यांची रांग लागते. ‘मराठी’ या शब्दात पाच युनिकोड घटक आहेत, बिघडल्यावर त्यांची पंधरा चिन्हे होतात.

काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह, �: हा नेमका उलटा प्रकार. बाइट जुन्या पद्धतीचे आहेत आणि ब्राउझर ते यूटीएफ-८ समजून वाचतो आहे. एकटा ई९ यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांच्या मालिकेची सुरुवात असतो. त्यामागे दोन ठरावीक प्रकारचे बाइट यायला हवेत. ते नसले की ब्राउझर हार मानून � छापतो. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ ची रचनाच अशी केली की भलते बाइट सहज ओळखू यावेत. � दिसणे हा तसा उपकारच आहे, कारण लाटेचा ए मुकाट्याने छापला जातो आणि कोणी तक्रार करेपर्यंत कळत नाही.

साधे प्रश्नचिन्ह: हे सगळ्यात वाईट. कुठल्यातरी सांध्यावर अक्षर अशा पद्धतीत ढकलले गेले जिच्यात ते मावतच नाही, आणि त्या जागी ३एफ हा बाइट कायमचा लिहिला गेला. मूळ अक्षर गेले. इथे दुरुस्ती नाही, मूळ प्रतच शोधावी लागते.

एका अक्षराच्या जागी चार किंवा अधिक चिन्हे, लाटेच्या ए मागे ƒ, मग टोपीचा मोठा ए वगैरे: रूपांतर दोनदा झाले आहे. आधीच यूटीएफ-८ असलेल्या मजकुराला कोणीतरी जुना समजून पुन्हा यूटीएफ-८ केले, आणि वर ते बाइट पुन्हा विंडोज-१२५२ म्हणून वाचले गेले. असा दुहेरी मजकूर यूटीएफ-८ म्हणूनच वाचला तर पहिल्या प्रकारासारखी दोनच चिन्हे दिसतात, तेव्हा भेद बाइट पाहूनच कळतो.

रिकामे चौकोन: हा बहुधा एन्कोडिंगचा दोषच नाही. अक्षर बरोबर आहे, फॉन्टमध्ये त्याचे चित्र नाही. ते अक्षर कॉपी करून दुसरीकडे चिकटवा; तिथे नीट दिसले तर सीएसएसमधली फॉन्टची यादी तपासा. सर्व्हरवर वेळ घालवू नका.

& ने सुरू होऊन ; ने संपणारा तुकडा जसाच्या तसा दिसणे: हेही एन्कोडिंग नव्हे. एचटीएमएलसाठीचे एस्केपिंग, म्हणजे & सारखी चिन्हे संकेतांत बदलणे, दोनदा केले गेले आहे, साचा आणि प्रोग्रॅम दोघांनीही.

आणि मराठी वाचकांसाठी एक वेगळा प्रकार. जुनी फाइल उघडली की रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची सरमिसळ दिसते, पण वर सांगितलेला कोणताच नमुना जुळत नाही. तो मजकूर युनिकोडमध्ये नसून एखाद्या जुन्या देवनागरी फॉन्टच्या स्वतःच्या तक्त्यात टंकलेला असतो. त्यावर मेटा टॅगचा किंवा खालच्या कोणत्याही उपायाचा काही परिणाम होणार नाही. त्या विशिष्ट फॉन्टसाठीचा परिवर्तकच लागतो.

ब्राउझरला काय सांगितले जात आहे?

पान उघडा, डेव्हलपर टूल्समधल्या कन्सोलवर जा आणि ‘डॉक्युमेंट डॉट कॅरेक्टरसेट’ या गुणधर्माची किंमत पाहा. ब्राउझरने शेवटी कोणती पद्धत वापरली ते तिथे कळते. मग नेटवर्क टॅबमध्ये पानाची मूळ विनंती निवडून उत्तराच्या हेडरमध्ये, म्हणजे सर्व्हर पानाआधी पाठवतो त्या माहितीत, कंटेंट-टाइपची ओळ वाचा. तिच्यात चारसेट, म्हणजे अक्षरपद्धतीचे नाव, आहे का, असेल तर कोणता?

आता क्रम लक्षात ठेवा, कारण निम्मे गोंधळ इथेच होतात. फाइलच्या अगदी सुरुवातीला बीओएम, म्हणजे ईएफ बीबी बीएफ हे तीन बाइट असतील तर ब्राउझर त्यांचेच ऐकतो. नसतील तर सर्व्हरच्या हेडरमधला चारसेट. तोही नसेल तर पानातला मेटा टॅग. काहीच नसेल तर ब्राउझर अंदाज बांधतो, आणि तो अंदाज पानागणिक बदलू शकतो. म्हणजे सर्व्हर हेडरमध्ये लॅटिन-१ म्हणत असेल, तर मेटा टॅगमध्ये यूटीएफ-८ कितीही ठळक लिहा, त्याला कोणी विचारत नाही.

यातूनच एक झटपट परीक्षा निघते. फाइल स्वतःच्या संगणकावरून थेट उघडली की बरोबर दिसते पण सर्व्हरवरून आली की बिघडते: दोष हेडरचा. सर्व्हरवरून बरोबर पण पान जतन करून उघडले की बिघडलेले: हेडर ठीक, मेटा टॅग नाही किंवा चुकला आहे. दोन्हीकडे बिघडलेले: बहुधा बाइटच वेगळे आहेत, पुढच्या भागाकडे चला.

मेटा टॅग आहे आणि तरी चालत नाही, अशी तक्रार असेल तर तो कुठे आहे ते पाहा. चारसेट सांगणारा टॅग पानाच्या पहिल्या १०२४ बाइटांच्या आत पूर्ण संपायला हवा. हेडच्या सुरुवातीला कोणी परवान्याची लांबलचक टिप्पणी किंवा विश्लेषणाची स्क्रिप्ट चिकटवली की टॅग खाली सरकतो. तो हेडमधली पहिलीच ओळ असावा, शीर्षकाच्याही आधी.

सर्व्हरबाबत थोडक्यात. अपाचीमध्ये ॲडडिफॉल्टचारसेट ही सूचना मुख्य संरचनेत किंवा एचटीॲक्सेस फाइलमध्ये असते. जुन्या सर्व्हरवर तिथे लॅटिन-१ लिहिलेले सापडते आणि बहुतेक कोडे तिथेच सुटते. ही सूचना फक्त साध्या मजकुराला आणि एचटीएमएलला लागू होते, बाकी प्रकारांच्या फाइलींसाठी ॲडचारसेट वापरावे लागते. एनजिनएक्समध्ये चारसेट नावाचीच सूचना आहे. पीएचपी या भाषेत ५.६ आवृत्तीपासून डीफॉल्ट चारसेट यूटीएफ-८ आहे, पण कोडमध्ये कुठेतरी स्वतंत्र हेडर पाठवला असेल तर तो वरचढ ठरतो. बदलानंतर पान कॅशे टाळून पुन्हा लोड करा, आणि मध्ये सीडीएन, म्हणजे पानांच्या प्रती ठेवून देणारे सर्व्हर, असतील तर तिथलेही पुसा. जुने हेडर कॅशेमधून येत राहतात आणि आपण बरोबर केलेला बदल चुकीचा समजून उलटवतो.

जावास्क्रिप्टच्या आणि सीएसएसच्या फाइली वेगळ्या तपासा. पानातला मजकूर शुद्ध आणि फक्त बटणांवरची किंवा सूचनांची अक्षरे बिघडलेली, असे असेल तर बहुधा स्क्रिप्टची फाइल जुन्या पद्धतीत जतन झालेली असते. फेच (जावास्क्रिप्टने सर्व्हरकडून माहिती आणण्याची सोय) वापरून आणलेल्या उत्तरावर टेक्स्ट ही पद्धत चालवली की ती हेडर न पाहता नेहमी यूटीएफ-८ म्हणूनच वाचते. जुन्या पद्धतीचा सर्व्हर मागे असेल तर बाइट जसेच्या तसे घेऊन टेक्स्टडिकोडरला पद्धतीचे नाव सांगून वाचावे लागते.

फाइलमध्ये खरे बाइट कोणते आहेत?

इथे पडद्यावर विश्वास ठेवू नका. संपादकही ब्राउझरसारखाच अंदाज बांधतो आणि आपल्याला बरोबर दिसेल असे दाखवतो. एक्सएक्सडी किंवा हेक्सडंप या बाइट दाखवणाऱ्या आज्ञांनी फाइल उघडा आणि कॅफेचा शेवट शोधा. सी३ ए९ दिसले तर यूटीएफ-८. एकटा ई९ दिसला तर विंडोज-१२५२. सी३ ८३ सी२ ए९ अशी चार बाइटांची माळ दिसली तर दुहेरी रूपांतर. ईएफ बीएफ बीडी दिसले तर वाईट बातमी: ते � चेच बाइट आहेत, म्हणजे कोणीतरी बिघडलेले पान वाचून तसेच जतन केले. ६५ ला लागून सीसी ८१ दिसले तर तो साधा ई आणि त्यावर चढवलेली सुटी रेघ आहे. याकडे शेवटी येतो.

फाइल जुन्या पद्धतीची निघाली तर संपादकातून ‘यूटीएफ-८ म्हणून जतन करा’. मात्र आधी ती योग्य पद्धतीने उघडलेली असली पाहिजे. चुकीच्या तक्त्याने उघडून यूटीएफ-८ मध्ये जतन करणे हाच दुहेरी रूपांतराचा सर्वांत सोपा मार्ग आहे. व्हीएस कोडमध्ये खालच्या पट्टीवर एन्कोडिंगचे नाव असते. त्यावर क्लिक केले की ‘पुन्हा उघडा’ आणि ‘जतन करा’ असे दोन वेगळे पर्याय येतात. आधी पहिला, अक्षरे डोळ्यांनी तपासायची, मग दुसरा. विंडोजचे नोटपॅड विंडोज १० च्या १९०३ या आवृत्तीपासून नवीन फाइल यूटीएफ-८ मध्ये ठेवते. त्याआधीची यंत्रे एएनएसआय म्हणत जुन्या पद्धतीत ठेवायची. एखाद्या संघात एकाकडे जुने यंत्र असले की फक्त त्याने हात लावलेल्या फाइली बिघडतात.

डेटाबेस: जिथे खरा गुंता असतो

मायएसक्यूएलचे उदाहरण घेतो, कारण तिथे या रोगाची मुळे सर्वांत खोल आहेत. ५.७ आवृत्तीपर्यंत त्याची डीफॉल्ट पद्धत लॅटिन-१ होती, आणि क्रम लावण्याचा नियम स्वीडिश. कंपनी मूळची स्वीडनची. ८.० पासून डीफॉल्ट यूटीएफ८एमबी४ झाले. त्यात आणखी एक खोडी: मायएसक्यूएल ज्याला नुसते यूटीएफ८ म्हणत आले ते अक्षरामागे तीनच बाइट ठेवते. ॲक्सेंट आणि देवनागरी त्यात मावतात, इमोजी मावत नाहीत. म्हणून चार बाइटांचे यूटीएफ८एमबी४ वापरायचे, दुसरा विचार नको.

डेटाबेसमधला तक्ता (टेबल) आणि त्याचे स्तंभ यांची पद्धत एक गोष्ट, आणि जोडणीची पद्धत दुसरी. प्रोग्रॅम डेटाबेसशी बोलताना ‘मी या पद्धतीचे बाइट पाठवतो आहे’ असे सांगतो, आणि डेटाबेस त्यावर विश्वास ठेवून रूपांतर करतो. आता ही परिस्थिती पाहा. पान यूटीएफ-८ मध्ये. जोडणी लॅटिन-१ म्हणून जाहीर. स्तंभही लॅटिन-१. प्रोग्रॅम सी३ ए९ पाठवतो, डेटाबेस ती दोन लॅटिन अक्षरे समजतो आणि काही न बदलता ठेवतो. वाचताना तेच दोन बाइट परत येतात आणि ब्राउझर त्यांना यूटीएफ-८ म्हणून अचूक दाखवतो. दोन चुका एकमेकींना झाकतात आणि वर्षानुवर्षे सगळे उत्तम चालते.

मग कोणीतरी सर्व्हर अद्ययावत करतो किंवा ड्रायव्हर बदलतो. नवी जोडणी यूटीएफ८एमबी४ म्हणून जाहीर होते. डेटाबेस आता प्रामाणिकपणे लॅटिन-१ स्तंभातली दोन अक्षरे यूटीएफ-८ मध्ये रूपांतरित करून देतो, आणि सगळा जुना मजकूर एका रात्रीत बिघडतो. नवा मजकूर मात्र नीट! ‘काल अपग्रेड केले आणि सगळे बिघडले’ या तक्रारीमागे बहुतेक हीच गोष्ट असते. अपग्रेडने काही बिघडवले नाही, झाकलेले उघडे केले.

निदानासाठी त्या स्तंभावर हेक्स फंक्शन चालवा आणि निकाल स्तंभाच्या जाहीर पद्धतीसोबत वाचा. लॅटिन-१ स्तंभात ई९: बरोबर. लॅटिन-१ स्तंभात सी३ए९: बाइट बरोबर, नाव चुकीचे. यूटीएफ८एमबी४ स्तंभात सी३ए९: बरोबर. त्याच स्तंभात सी३८३सी२ए९: दुहेरी. कुठेही ३एफ: गेले.

दुसऱ्या परिस्थितीत, म्हणजे बाइट बरोबर पण नाव चुकीचे असेल तेव्हा, स्तंभाची पद्धत सरळ बदलू नका. तसे केले की डेटाबेस इमानदारीने रूपांतर करेल आणि झाकलेला दोष कायमचा दुहेरी करून ठेवेल. आधी स्तंभ बायनरी प्रकारचा करा, व्हारबायनरी किंवा ब्लॉब, म्हणजे डेटाबेस त्या बाइटांचा अर्थ विसरतो. मग तोच स्तंभ यूटीएफ८एमबी४ चा मजकूर म्हणून परत बदला. बाइटांना हात लागत नाही, फक्त नाव बदलते. स्तंभात काही ओळी खऱ्या लॅटिन-१ आणि काही छुप्या यूटीएफ-८ असतील तर हे एका आज्ञेत होणार नाही. दुसरी पायरी चुकीच्या बाइटांवर अडेल. अडली ते बरेच झाले, मिसळ आहे हे कळले.

दुहेरी मजकुरासाठी उलट प्रवास करावा लागतो: मूल्य लॅटिन-१ मध्ये रूपांतरित करा, निकाल बायनरी म्हणून घ्या, आणि तो यूटीएफ८एमबी४ म्हणून वाचा. हे कधीही सगळ्या तक्त्यावर चालवू नका. जी ओळ आधीच बरोबर आहे तिच्यातला रेघेचा ई उलट प्रवासात एकटा ई९ होतो, यूटीएफ-८ म्हणून अवैध ठरतो आणि त्या जागी नल, म्हणजे रिकामे मूल्य, येऊ शकते. म्हणून फक्त बिघडलेल्या ओळी निवडा. तिथेही सावध राहा: नुसता सी३८३ शोधलात तर पोर्तुगीजमध्ये मोठ्या अक्षरांत लिहिलेले ‘साओ’ही पकडले जाईल, कारण त्यात लाटेचा मोठा ए खराच असतो. दुहेरी बिघाडात त्या अक्षरामागे कधीच साधे रोमन अक्षर येत नाही, अस्सल शब्दात बहुधा येते. निवडलेल्या ओळी आधी दोन रकान्यांत, जुने आणि नवे, शेजारी शेजारी छापून डोळ्यांखालून घाला. आणि अर्थात सगळे प्रतीवर. बॅकअप घेतानाही जोडणीची पद्धत सांगायला विसरू नका, नाहीतर बॅकअपमध्येच रूपांतर होऊन बसते.

दुरुस्ती कुठे फसते

डेटाबेसबाहेर, साध्या फाइलींवर हाच उलट प्रवास पायथॉनमध्ये करता येतो: बिघडलेला मजकूर सीपी१२५२ मध्ये एन्कोड करायचा आणि यूटीएफ-८ म्हणून डिकोड करायचा. रेघेच्या ई साठी हे सुरळीत चालते. संस्कृत किंवा मराठी नावे रोमन लिपीत शास्त्रशुद्ध लिहिली असतील तर मात्र अडते. ‘आ’ साठी आडव्या रेघेचा ए वापरतात. त्याचे यूटीएफ-८ बाइट सी४ ८१. विंडोज-१२५२ मध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागा रिकाम्या आहेत. ब्राउझर आणि मायएसक्यूएल तिथे एक अदृश्य नियंत्रण अक्षर ठेवून पुढे जातात, पायथॉनचा कडक सीपी१२५२ मात्र चूक दाखवून थांबतो. पडद्यावर म्हणूनच अशा नावांत दोन टिंबांचा मोठा ए एकटाच दिसतो, शेजारी काहीच नाही. ते ‘काहीच नाही’ जपून ठेवावे लागते. एफटीएफवाय या पायथॉन लायब्ररीत या पाच जागा सैल सोडणारा सीपी१२५२ मुद्दाम दिलेला आहे. हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टपेक्षा ती बरी.

दुसरा सापळा ए० या बाइटचा. विंडोज-१२५२ मध्ये तो न तुटणारा रिकामा अवकाश आहे. फ्रेंचमधला उलट्या रेघेचा छोटा ए म्हणजे सी३ ए०, आणि आपला ‘ठ’ म्हणजे ई० ए४ ए०. बिघडलेला मजकूर एखाद्या फॉर्ममधून गेला आणि तिथे अवकाश साफ करणारे फंक्शन असले, की ए० जाऊन साधा २० येतो किंवा काहीच उरत नाही. मग ‘मराठी’ दुरुस्त करताना म, रा आणि शेवटची वेलांटी परत येते आणि ‘ठ’ तेवढा नाहीसा. असे तुरळक बळी हातानेच भरावे लागतात.

पुन्हा कुठून येतो

दोष मिटवला आणि परत आला तर पुढच्या जागा या क्रमाने पाहा.

एक्सेल. सीएसव्ही फाइलवर दोनदा क्लिक करून उघडली आणि तिच्यात बीओएम नसला की एक्सेल ती यंत्राच्या जुन्या पद्धतीने वाचते. कोणी ती तशीच जतन करून परत आयात करतो आणि दुहेरी मजकूर डेटाबेसमध्ये शिरतो. जतन करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा वेगळा प्रकार निवडायला सांगा. त्यात बीओएम येतो, मग आयात करणाऱ्या कोडने तो काढला नाही तर पहिल्या रकान्याचे नाव जुळत नाही आणि कधी त्या नावाआधी » आणि ¿ दिसतात. पायथॉनमध्ये अशा फाइलीसाठी यूटीएफ-८-सिग वापरतात.

कोडमधले जुने उपाय. पीएचपीचे यूटीएफ८-एन्कोड हे फंक्शन नावावरून वाटते तसे सर्वज्ञ नाही. ते आलेला मजकूर नेहमी लॅटिन-१ च समजते. मूळ दोष दूर झाल्यावरही ते मागे राहिले की नव्या मजकुराला दुहेरी करत राहते. पीएचपी ८.२ मध्ये ते मोडीत काढण्याची सूचना आली. आपल्या कोडमध्ये शोधून प्रत्येक जागी खरेच गरज आहे का ते पाहा. बहुधा नसते.

� फक्त उताऱ्यांच्या किंवा शीर्षकांच्या शेवटी येत असेल तर एन्कोडिंगचे सेटिंग शोधू नका. कोणीतरी बाइट मोजून मजकूर कापतो आहे आणि कात्री अक्षराच्या मधोमध पडते. पीएचपीत सबस्ट्रच्या जागी अक्षरे मोजणारे एमबी-सबस्ट्र घ्या.

आणि सर्वांत छळणारा प्रकार: � कधी येतो, कधी नाही, एकाच लेखात एखाद्याच ठिकाणी, मजकूर थोडा बदलला की जागा सरकते. नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये, मोठी फाइल किंवा उत्तर तुकड्यांनी येते, फाइलचा तुकडा सहसा ६४ किलोबाइटचा. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे मजकुरात बदलला तर सीमेवर पडलेले अक्षर दोन्हीकडून तुटते. प्रवाहावर सेटएन्कोडिंग लावा म्हणजे अर्धवट बाइट पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवले जातात. शुद्ध रोमन मजकुरावर चाचणी घेतली तर हा दोष कधीच सापडत नाही.

राहिली ती सुटी रेघ. रेघेचा ई एकाच क्रमांकाने लिहिता येतो, किंवा साधा ई आणि त्यामागे ०३०१ ही चढणारी रेघ असाही. दोन्ही वैध आहेत आणि चांगल्या फॉन्टमध्ये सारखेच दिसतात. सुमार फॉन्टमध्ये रेघ बाजूला सरकते किंवा अक्षरापासून सुटून उभी राहते. शोधात एक लिहिला तर दुसरा सापडत नाही. दुव्यातले फाइलनाव एका रूपात आणि सर्व्हरवरचे दुसऱ्या रूपात असले की ४०४ येतो. मॅकवरची जुनी एचएफएस प्लस फाइलप्रणाली नावे सुट्या रूपातच ठेवत असे, म्हणून मॅकवरून चढवलेल्या चित्रांबाबत हे जास्त घडले. मजकूर आत घेतानाच एनएफसी, म्हणजे जोडलेल्या एकाच क्रमांकाच्या, रूपात आणा. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी नॉर्मलाइझ ही पद्धत आहे.

पान आपले नसेल तर

वाचक म्हणून फारसे हातात नसते. सफारीच्या व्ह्यू मेनूत टेक्स्ट एन्कोडिंगची यादी आहे. फायरफॉक्समध्ये रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग असा एकच पर्याय उरला आहे, तोही ब्राउझरला शंका घ्यायला जागा असेल तेव्हाच चालू असतो. क्रोमने ५५व्या आवृत्तीपासून ही निवड काढून टाकली. तिथे एखादे विस्तारक लावावे लागते. यातले काहीही दुहेरी मजकुरावर किंवा साध्या प्रश्नचिन्हांवर चालत नाही. पानाच्या मालकाला कळवणार असाल तर चित्रासोबत कंटेंट-टाइपची ओळ आणि डॉक्युमेंट डॉट कॅरेक्टरसेटची किंमतही पाठवा. नुसत्या चित्रावरून त्यालाही अंदाजच बांधावा लागतो.

पान आपलेच असेल तर एक चाचणीची ओळ कायमची बनवून ठेवा: रेघेचा ई, उलट्या रेघेचा छोटा ए, €, आडव्या रेघेचा ए, ‘मराठी’ आणि एक इमोजी. रेघेचा ई सर्वसाधारण बिघाड पकडतो. उलट्या रेघेचा ए आणि ‘ठ’ अवकाश साफ करणारे फंक्शन उघडे पाडतात. € खऱ्या लॅटिन-१ आणि विंडोज-१२५२ मधला फरक दाखवते, कारण खऱ्या लॅटिन-१ मध्ये ते नाहीच. आडव्या रेघेचा ए रिकाम्या पाच जागा तपासतो, आणि इमोजी तीन बाइटांचे यूटीएफ८. ही ओळ फॉर्ममधून भरा, डेटाबेसमध्ये तिचे हेक्स पाहा, निर्यात करून एक्सेलमधून परत आणा, पानावर दाखवा, आणि सर्व्हर किंवा ड्रायव्हर बदलण्याच्या आधी आणि नंतर तिचे बाइट ताडून पाहा.